नदीत उतरणारा माणूस

आण्णा पेंटर मेल्याने दत्तक मुलगा माधव याला शाहूपुरीतला पडदे रंगवायचा कारखाना मिळणार होता. वीस वर्षं रंग घोटणाऱ्या कृष्णातला काहीच नाही. आण्णांच्या बायकोला, बयाबाईला, वैधव्य मिळालं होतंच, वर गावाची बोलणी.

“माझ्या जाचानं जीव दिला म्हणत्यात,” ती म्हणाली. “सायेब, एवढं पुसून द्या.”

खासगी तपास करणारे गणपतराव मित्राला, गुंडू पैलवानाला, घेऊन कारखान्यात आले. आण्णांचं प्रेत पंचगंगेत सापडून बारा दिवस झाले होते. डोक्याला खोक होती. फौजदाराला खुनाचा संशय येतोय, तोच काल माधवने एक तैलचित्र पुढे केलं. मावळतीची नदी, आणि पाण्यात उतरणारा एकटा, पाठमोरा माणूस.

“आण्णांनी स्वतःलाच रंगवलंय,” माधव म्हणाला. तो शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. “निसर्गचित्रात एकाकी आकृती आली की सगळी उदासी तिच्यात उतरते. मुलांना मी हेच शिकवतो.”

“लई वंगाळ वाटतंय बघा,” गुंडूने नाक ओढलं.

गणपतरावांनी नदीवर बोट फिरवलं, मग आकृतीवर. बोट पांढरं झालं. “कारखान्याच्या किल्ल्या?”

“दोन,” माधव म्हणाला. “एक माझी, एक कृष्णातची.”

“म्हंजे कृष्णातच की!” गुंडू कुजबुजला.

कृष्णात बाहेर डबे धूत होता. “आण्णांनी जल्मभर नाटकाचं पडदं रंगीवलं. एकदा म्या पडद्यावर गुराखी काढला, तर कानफटात हाणली. म्हनले, मानसं म्होरं उभी ऱ्हात्यात, मागं गर्दी कशाला? ह्ये चित्र घरासाठी काढलं, पर सवय तीच. नुस्ती नदी हुती, पावणं.”

गणपतरावांनी सगळ्यांना चित्रापुढे बोलावलं.

“नदीचा रंग वाळला आहे, माणसाचा अजून ओला आहे. बारा दिवसांपूर्वी मेलेले आण्णा तो परवा कसा काढतील? काढणाऱ्याकडे किल्ली होती.”

“म्या म्हनलो न्हवं?” गुंडू म्हणाला.

“गप रे. आण्णा माणूस काढत नाहीत, हे कृष्णातच्या गालाला ठाऊक आहे. त्याने आण्णांच्या नावावर दुसरं काहीही खपवलं असतं, माणूस नाही. ही उदासी शाळेच्या फळ्यावरची आहे, मास्तर.”

माधव खाली बसला. “कारखाना कृष्णातला लिहून देणार होते. घाटावर मी ढकललं. दगड लागला.”

“दोन वर्सांचा हुतास रं, मांडीवर घेतला तवा,” बयाबाई एवढंच बोलली.

माधवला जन्मठेप झाली. कागद झालेलाच नव्हता, त्यामुळे कृष्णात सिनेमाच्या पाट्या रंगवायला गेला. गावाने बयाबाईला नावं ठेवणं थांबवलं. घरात तिला हाक मारणारंही कोणी उरलं नाही.