दसऱ्याची पांढरी गाडी

अमरावतीच्या राजापेठेतल्या गुप्तहेर रागिणीच्या ऑफिसात नीलम आली, ती रडत नव्हती. संतापली होती.

“ताई, माह्या नवऱ्याले फसवून राहिले. अश्विन अकोल्यात शिक्षक आहे. गुन्हा दाखल झाला, की नोकरी गेलीच समजा.”

दसऱ्याच्या सकाळी बडनेऱ्याजवळ महामार्गावर फुलं विकणाऱ्या केशरबाईंना लहान पांढऱ्या गाडीने उडवलं आणि गाडी पळाली. मागून येणाऱ्या महादेवरावांनी पोलिसांना नंबर दिला, तो अश्विनच्या गाडीचा. पोलिसांना तेवढं पुरलं. डोकं चालवायला वेगळा भत्ता मिळत नाही.

“अशा गाड्या किती असतील, मॅडम?” रागिणीचा मदतनीस नितेश याने विचारलं. “मोजू का?”

“मोज. दर तिसरी तीच आहे. पुढच्या दसऱ्यापर्यंत होईल तुहं.”

अकोल्यात अश्विनने गाडी दाखवली. काचेवर निळा झेंडा, बॉनेटला पोचा.

“सापडलं!” नितेश म्हणाला.

“गंज चढलाय त्यावर. तीन दिवसांत चढते का, शहाण्या?”

“आमी दीक्षाभूमीले निघालो होतो,” अश्विन म्हणाला. “मूर्तिजापूरच्या पंपावर मागं अशीच एक गाडी उभी होती. पुढचं मले काही माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या दवाखान्यात केशरबाईंच्या उशाशी तुटका झेंडूचा हार होता. “गाडीचा हाय, माह्या अंगावर पडला. माहा नाही. मी सुतात ओवतो, हा हिरव्या लोकरीत हाय.”

तेवढ्यात महादेवराव केळी घेऊन आले. निवृत्त साहेब; आवाज अजून खुर्चीतच बसलेला.

“साक्षीदाराचं कर्तव्य! मी त्याच्या मागेच होतो. त्याच्या बॉनेटवरचा हार तुटताना या डोळ्यांनी पाहिला.”

“तुमची गाडी?”

“खाली आहे. तीही पांढरीच. दुसरी असते कुठे!”

“हार नाही लावला?”

“सुकला, काढला.”

रागिणी खाली जाऊन आली. येताना खाली थांबलेल्या नीलमला आणि दवाखान्याच्या चौकीतल्या हवालदाराला घेऊन आली.

“महादेवराव, गाडीच्या मागून तिच्या बॉनेटवरचा हार दिसतो? नितेशलेसुद्धा दिसणार नाही, अन् त्याले काहीही दिसते.”

महादेवराव केळ्यांकडे पाहू लागले.

“अश्विन दीक्षाभूमीले निघालेला बौद्ध माणूस. तो दसऱ्याले गाडीची पूजा करत नाही, हार बांधत नाही. तुमाले वाटलं, दसरा म्हणजे साऱ्याच गाड्यांना झेंडू. हार तुटला हे तुमाले माहीत होतं, कारण तो तुमचा होता. पंपावर पुढच्या गाडीचा नंबर पाहिला अन् तोच पोलिसांना दिला. सारख्या गाड्या, कोण ओळखते!”

“पुरावा?”

तिने मूठ उघडली. “हवालदारसाहेबांसमोर काढली. फुलं उपटली तुमी, पण तुमच्या गाडीच्या समोरच्या जाळीतली गाठ राहिली.”

हिरवी लोकर. केशरबाईंनी हाराचं टोक तिच्याशी लावलं. तंतोतंत जुळलं.

नीलम मटकन खुर्चीत बसली आणि आता मात्र रडली.

“घाबरलो होतो,” महादेवराव पुटपुटले.

केशरबाईंनी केळ्यांची पिशवी खाटेवरून ढकलली. “घाबरला अस्ता तं थांबला अस्ता. घिऊन जा हे.”