दुसऱ्यांदा होय

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्या, मला वाद घालायचा नाहीये. आणि रात्र-बित्र काही नव्हती. शनिवारची भर दुपार होती. आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी एकटीच होते आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

आमचं काम ईमेल पाठवण्याचं. दुकानं, दवाखाने, क्लासवाले यांचे मेल आम्ही त्यांच्या ग्राहकांना पाठवतो. लोक तोंड वाकडं करून विचारतात, "म्हणजे स्पॅमच ना?" डोकंच फिरतं माझं! विचारल्याशिवाय आम्ही कुणाला एक ओळ पाठवत नाही. आधी विचारतो, पाठवू का? माणसाने 'होय' दाबलं की परत विचारतो, नक्की? दुसऱ्यांदा 'होय' आलं तरच सुरू करतो. आणि प्रत्येक मेलच्या तळाशी 'बंद करा' असतंच.

हा नियम ढब्बूचा. ढब्बू म्हणजे माझा मावसभाऊ, धंद्यातला भागीदार. "एकदा चुकून दाबलं जातं गं, दोनदा नाही," असं म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. तेव्हापासून त्याची आई, म्हणजे माझी मावशी, आणि मी एकत्र राहतो.

कुठलाही मेल हजारोंना सोडण्याआधी आम्ही तो घरच्या चार-पाच पत्त्यांवर पाठवून बघतो. इनबॉक्समध्ये पडतो की स्पॅममध्ये जातो, ते कळतं. त्यात ढब्बूचा पत्ता अजून तसाच होता. काढायला हात धजला नव्हता. त्याचा पासवर्ड मात्र कुणालाच माहीत नव्हता.

त्या दुपारी एका चष्मेवाल्याचा मेल असाच पाठवून पाहिला.

ढब्बूच्या पत्त्यासमोर आलं... 'उघडला.'

म्हटलं, असेल. कधीकधी मशीनच उघडतं.

मग... उत्तर आलं. त्याच्याच पत्त्यावरून.

'प्रिय सदस्य, मला घरी यायचं आहे. येऊ का?'

खाली एकच बटण. होय.

 मेली सवय कुठली जाते! आधी तळाशी बघितलं. 'बंद करा' नव्हतं. 'नाही'सुद्धा नव्हतं.

स्पॅममध्ये टाकला. परत वर आला.

पत्ता ब्लॉक केला. तरी परत वर. आमचे सरळमार्गी मेल लोकांपर्यंत पोचवताना नाकी नऊ येतात, आणि हा बघा!

मग तो कुणाकुणाला गेलाय ते पाहिलं. दोघींनाच. मला... आणि मावशीला.

तेवढ्यात दुसरा मेल.

'एक परवानगी मिळाली. कृपया नक्की करा.'

मी कशालाही हात लावला नव्हता.

मावशीला फोन लावला. उचलेना. घर दोन गल्ल्या पलीकडे. चपला कशाबशा पायात अडकवल्या आणि धावत सुटले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा बंद. रेडिओही बंद. मावशी दुपारचा रेडिओ कधीच बंद करत नाही. ती ढब्बूच्या खोलीत पलंगावर बसली होती, फोन मांडीवर, डोळे भरलेले.

"आला गं तो," म्हणाली.

"मावशी, तो फोन इकडे दे."

"येऊ का विचारतोय. मी होय म्हटलं."

"तो ढब्बू नाहीये! अगं, 'प्रिय सदस्य' लिहिलंय. तो तुला असं कधी म्हणेल का?"

"दोन वर्षांनी आलेल्या लेकराला दारात उभं करून मायना तपासू?"

मी रडकुंडीला आले. "पाया पडते तुझ्या. दुसऱ्यांदा दाबू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं. बघता बघताच अंगठा टेकवला.

काहीच झालं नाही.

दार वाजलं नाही, दिवा विझला नाही... फक्त पलंगाची दुसरी बाजू हळूच दबली. कुणीतरी शेजारी बसावं तशी.

मावशी हसली. मी तिला दंडाला धरून अक्षरशः ओढत बाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी तिला तिच्या लेकीकडे, ताईकडे पोचवलं. फोन काढून घेतला. तिथे गेल्यापासून ती कुणाशी धड बोलेना. दाराकडे डोळे लावून बसायची. अन्न तुटलं. ताई रडत म्हणाली, "अशाने आई हातची जाईल गं."

मी घरीच राहिले. ढब्बूच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. आतून आवाज नाही, काही नाही. पण आमच्या पायरीवर रोज झोपणारं गल्लीतलं कुत्रं... ते यायचं थांबलं.

मागच्या आठवड्यात ताईच्या फोनवरून मावशी बोलली. आवाज पार खोल गेलेला.

"तो इकडे नाही आला गं. तिथेच आहे का?"

नाही म्हटलं असतं तर ती तिथल्या तिथे खचली असती. मला नाही सांगवलं.

"आहे की. इथेच आहे."

"मग राहू दे त्याला. तुझी काही हरकत नाही ना?"

"नाही गं मावशी. राहू दे."

"नक्की?"

"नक्की. तू आधी दोन घास खा बघू."

पलीकडे ताटाचा आवाज आला. मावशी जेवायला बसली होती. माझ्या जिवात जीव आला. मी फोन ठेवला...

आणि ढब्बूच्या खोलीची आतली कडी सरकली.

कुलूप बाहेरून जसंच्या तसं होतं. आतली कडी लावणारं आत कुणी नव्हतंच.

त्या दिवसापासून मी ऑफिसातच झोपते. ताई सांगते, मावशी आता पोटभर जेवते, रेडिओही लावते. मी त्या दोघींना काही सांगितलेलं नाही. मावशीचा रोज फोन येतो. रोज विचारते, "आहे ना गं तो तिथे?"

आणि मी रोज हो म्हणते.