पाठमोरा सलील

तिन्हीसांजा झाल्या की रजनीबाई पाय धुऊन अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लावत, हात जोडत आणि ओल्या पायांनीच सलीलच्या खोलीत येऊन कॉम्प्युटर सुरू करत. दुसरा दिवा तिथं लावायचा असे. तो लागल्याशिवाय तोंडात पाणीही घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. पुसदच्या त्या गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

सलील त्यांचा धाकटा. गेल्या वर्षी फुलसावंगीहून मोटारसायकलवर येताना गेला. मागं राहिलं ते त्याचं खेळातलं गाव. नोकरीवरून आला की तो त्या खेळात रमायचा. विटेवर वीट ठेवून त्यानं तिथं घर बांधलं होतं, पुढं अंगण, अंगणात वृंदावन. "पाह्य आई, तुह्यासाठी बांधलं. पण इथला दिवा रोज लावा लागते, नाही तं विझते."

"विझते म्हणू नये रे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

तेरावं झाल्यावर केतकीनं, त्यांच्या थोरल्या लेकीनं, बाणांच्या कळा दाखवून दिल्या. कळ दाबली की निळ्या सदऱ्यातला सलीलचा बाहुला सरळ चाले, कोपरा आला की काटकोनात वळे. ओट्याच्या पायरीपाशी रजनीबाई त्याला थांबवत, मग हळूच उतरवत. "आई, तो काही पडत नाही," केतकी सांगून थकली. पडद्यावर तो कायम पाठमोराच दिसे. मानेवरचा भोवरा मात्र त्यानं हुबेहूब काढला होता. चेहरा खेळणाऱ्याला दिसत नाही, समोर येऊन उभ्या राहिलेल्या दुसऱ्या गड्यांनाच दिसतो, असं केतकी म्हणाली. दिवा लागला की ज्योत नेहमी डावीकडे झुके. तिथं वारा कुठला यायला?

आषाढात खेळाच्या कंपनीनं नवा नियम काढला. हे खातं माझंच आहे, असं प्रत्येकानं पुन्हा कळवायचं. नाही तर खातं बंद. खेळणाऱ्यांनी मोठा गिल्ला केला. सलीलचा मित्र अंकुर उमरखेडहून फोनवर तावातावानं बोलला, "काकू, घरं आम्ही बांधली, झाडं आम्ही लावली, अन् मालक म्हणे ते! भाडेकरू समजून राह्यले आपल्याले."

"आई, 'होय, मीच सलील' यावर फक्त दाबायचं," केतकी म्हणाली. "चुटकीचं काम आहे."

पण चातुर्मास लागला होता, आणि चार महिने खोटं बोलायचं नाही, हा रजनीबाईंचा नेम लग्नाआधीपासूनचा. केतकी ऑफिसला गेल्यावर त्यांनी खालच्या चौकटीत एकेक अक्षर शोधून लिहिलं: सलील माझा मुलगा. तो आता नाही. दिवा मी लावते.

"काहून लिहिलं तू असं?" केतकीनं कपाळावर हात मारला. "देव काय त्या चौकटीत पाहाले येणार होता?"

"आला असता," रजनीबाई हळूच म्हणाल्या.

कंपनीचं उत्तर आलं. खातं वारसाकडे जात नाही. सोमवारी सायंकाळी ते बाहुल्यासकट काढून टाकण्यात येईल. अंकुरनं विनवण्या केल्या, भांडून पाहिलं. दरवेळी तेच उत्तर, तेच शब्द.

रविवारी सांजेला त्यानं सगळ्या गड्यांना गोळा केलं. पडद्यावर, सलीलच्या फाटकापलीकडे, बाहुल्यांची गर्दी झाली. प्रत्येकाच्या हातात दिवा. एक तर कोंबड्याचं डोकं लावून आला होता. रजनीबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी सलीलला वृंदावनापाशी नेलं, दिवा लावला, आणि कळांवरचा हात काढून नमस्कार केला.

पडद्याखाली अक्षरं उमटली. अंकुर लिहीत होता. ‘काकू, त्याले वळवू नका नं.’

शेजारी बसलेल्या केतकीनं लिहिलं, ‘आईनं हातच लावला नाही.’

‘मग हा मान मुरडून मागं काय पाहून राह्यला?’

‘मलेही दिसून राह्यलं,’ कोंबड्यानं लिहिलं.

रजनीबाईंच्या समोर पाठच होती. निळा सदरा. भोवरा. त्या पडद्याजवळ वाकल्या. "सलील," म्हणाल्या, "मी इथंच आहे रे."

बाहुले एकेक करून निघून गेले.

सोमवारी त्यांनी दिवा लावला आणि बसून राहिल्या. आधी अंगण गेलं, मग घर, शेवटी तो. आमच्यासोबत खेळल्याबद्दल आभार, एवढी ओळ उरली.

मंगळवारी तिन्हीसांजेला त्या उठल्याच नाहीत. काळ्या पडद्यासमोर बसल्या होत्या. खरं बोलले म्हणून लेक दुसऱ्यांदा गेला. आज दिवा नाही. तुळशीलाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असं ठरवलं.

उजवा पाय उचलला गेला.

त्यांनी उचलला नव्हता.

मग डावा. खोलीतून सरळ भिंतीपर्यंत. तिथं काटकोनात वळून दाराकडे. हातांनी देवघरातली काडेपेटी घेतली.

भीती वाटली नाही. कुणीतरी फार जपून चालवत होतं. ओट्याच्या पायरीपाशी पाय थांबले, मग हळूच उतरले.

वात लागली. हात जोडले गेले.

फाटकाशी स्कूटी थांबल्याचा आवाज आला. केतकी ऑफिसातून आली होती. वृंदावनापलीकडे ती हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "अशी मान मुरडून मागं काय पाहून राह्यली तू?"

रजनीबाईंनी मान वळवलीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त दिवा होता. तुळशीचं पानही हलत नव्हतं, आणि ज्योत डावीकडे झुकली होती.