आवरलेला आवाज

पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणं हे तिचं काम. घरातल्या लहान खोलीच्या भिंतींना तिने जुन्या रजया ठोकल्या होत्या, खिडकीच्या फटींत फोम कोंबला होता. पंखा बंद करून, घामाघूम होत ती माइकसमोर बसायची. आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून. ताई म्हणायची, "तू नुसतं 'पाणी दे' म्हणालीस तरी समोरचा दचकतो."

डोकं फिरायचं ते निर्मात्याला फाइल पाठवताना. निम्मी जायची आणि ठप्प. इंटरनेट कंपनीला फोन केला की तिकडची बाई लोण्यासारख्या आवाजात सांगायची, "जड फाइल्स आम्ही जरा आवरून घेतो, मॅडम. सगळ्यांच्याच सोयीसाठी."

"जाहिरातीत पूर्ण वेग छापता आणि इथे माझी फाइल अडवता? कुणी दिला हा अधिकार?"

"अडवत नाही, मॅडम. आवरतो."

एका दुपारी निर्मात्याचा फोन आला. "पुस्तकातली ती बाई नवऱ्याला घराबाहेर काढते, तो प्रसंग इतका मवाळ का वाचलास? तू तर त्याची समजूत काढतेयस!"

"घसा बसेपर्यंत ओरडलेय मी!"

तिने आपल्याकडची फाइल ऐकली. चोख होती. तीच पेनड्राइव्हवर घेऊन ती तडक त्याच्या स्टुडिओत गेली. दोघांनी आधी पेनड्राइव्हवरचं ऐकलं. "चालता हो!" इतक्या जोरात आलं की त्याने घाईघाईने आवाज कमी केला.

मग त्याने इंटरनेटवरून आलेली फाइल लावली. आवाज तिचाच. वाक्याआधी आवंढा गिळल्याचा आवाज तोच, मागे खुर्ची करकरली तीही तशीच. आणि मग अगदी मायेने, "बस ना जरा. चुकलं असेल माझंच."

"हे मी बोललेच नाही."

निर्मात्याने पुस्तकाचं पान पाहिलं, पुढचंही पाहिलं. "पुस्तकातही नाही." तो तिच्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "मग वाचलं कुणी?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने कंपनीला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. पलीकडच्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती छान शब्दांत सांगितलंत, मॅडम. आभारी आहोत."

आता समोरासमोरच बोलायचं, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ताईला साक्षीला घेऊन ती कंपनीच्या ऑफिसात धडकली. गारेगार एसी, प्लास्टिकच्या खुर्च्या, काउंटरवर इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तिने काउंटरवर मूठ आपटली. चोर म्हणाली, लबाड म्हणाली, आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं ते सगळं ऐकवलं. आवाज फाटला. घसा सोलून निघाला.

काउंटरवरचा माणूस हसून मान डोलावत होता.

खुर्च्यांवरच्या एकानेही वर पाहिलं नाही.

मध्ये वायर नव्हती. साधा फोनही नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर ताई वैतागली. "आभारच मानायचे होते तर फोनवर मानायचेस. मला कशाला ओढत आणलंस एवढ्या उन्हात?"

तिने ताईचे दोन्ही दंड घट्ट धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

ताईचा चेहरा निवळला. ताईने तिच्या गालावरून हात फिरवला.

"अगं, माफी कसली मागतेस वेडे! चल घरी."