ईशान्य बुरुजाखालचा आवाज

चांदरगडाच्या माथ्यावर उजाडले तेव्हा दरीत धुके इतके दाट होते की, एकोणीस दिवस गडाला वेढून बसलेली मोगली छावणी त्यात पार बुडाली होती; दिसत होती ती फक्त तंबूंची टोके. ईशान्य बुरुजावर दारूखान्याचा तरुण दारोगा मोरेश्वरपंत गुडघे टेकून पाण्याने भरलेल्या पाच परातींकडे पाहत होता. जमिनीखाली कोणी सुरुंग खणत असेल, तर कुदळीच्या घावासरशी परातीतले पाणी थरथरते. काशीहून गणित शिकून आलेल्या पंताने ते तरंग तीन प्रहर मोजले होते.

“पायापासून बावीस हात,” तो किल्लेदार सुभानराव मोहित्यांना म्हणाला. “चार दिवसांत ते बुरुजाखाली येतील. उलटा सुरुंग खणून त्यांना गाठायचं, तर गडावरचा प्रत्येक हात इथे हवा.”

“आपण म्हणाल तसं, पंत,” सुभानराव म्हणाले आणि हुकूम सोडायला गेले.

ते दृष्टिआड होईपर्यंत गडाचा म्हातारा पाथरवट धाकोजी गप्प उभा राहिला. मग पुढे आला.

“पंत, हितं सगळा काळा पाषाण हाय. सुरुंग न्यायला दोन म्हैने लागतील. त्यांच्या पाथरवटांना बी हे ठावं असंलच की.”

“पण खणतायत ना? पाणी खोटं बोलत नाही.”

“खरंच बोलतंय. पर चोरून खणणारा कुदळीला चिंध्या गुंडाळतो. ह्यांनी आपल्याला ऐकू जाईल असं का खणावं? पश्चिमेच्या दिंडी-दरवाज्यावर धा माणसं राहू द्या.”

“का, ते मला ठाऊक नाही. किती, ते ठाऊक आहे.” पंत हसला. “धाकोजी, तुम्ही जात्यांना टाकी लावा. गड आम्ही पाहतो.”

“बरं,” म्हणून धाकोजी गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सारा गड ईशान्येला घाम गाळत असताना, पश्चिमेच्या कड्यावर शिड्या लागल्या. तिथे कुणी न सांगता येऊन बसलेले धाकोजी, त्याचा मुलगा मालू आणि पाच पाथरवट एवढेच होते. त्यांनी तटामागे रचून ठेवलेले चिरे खाली लोटले, ते संपल्यावर घण हाती घेतले आणि शिबंदी धावत येईपर्यंत दिंडी अडवून धरली. तिघे पडले. धाकोजीच्या पोटात भाला गेला. बावीस हातांचे माप अगदी बरोबर होते; तिथे खरोखरच सातआठ बेलदार गडाला ऐकू जावे म्हणून नुसते घाव घालत बसले होते.

संध्याकाळी सदरेवर सुभानरावांनी विचारले, “पश्चिमेला माणसं कुणी ठेवली?”

“पंतांनी,” डोलीत पडलेला धाकोजी म्हणाला.

पंताने तोंड उघडले. धाकोजीने त्याच्याकडे नुसते पाहिले. पंताने मानाचा शेला खांद्यावर पडू दिला.

शेला काढून तो धाकोजीच्या खोपटात गेला. “मी आत्ता जाऊन खरं सांगतो.”

“सांगा. तुमचं मन हलकं होईल. गडाचं काय?” म्हातारा थांबून थांबून बोलत होता. “उद्या हल्ला आला तर तुम्ही म्हणाल तिथं माणसं धावली पायजेत. तुमच्यावरचा इस्वास गेला तर ती कुणाकडं बघतील? वेढा उठूस्तवर गप ऱ्हावा.”

“मला स्वतःची लाज वाटते, धाकोजी.”

“वाटू द्या. पुढच्या खेपेला कुणी बोलाय लागलं, तर त्याचं पुरतं ऐकून घ्या म्हंजे झालं.”

तिसऱ्या दिवशी धाकोजी गेला. त्यानंतर पंत प्रत्येक मोजमापाआधी गवंड्याला, भिस्त्याला, पहारेकऱ्याला विचारू लागला, आणि तो म्हणेल तिथे माणसे खरोखरच धावली. वैशाखात कुमक आली, वेढा उठला. भरल्या सदरेवर पंताने सारे सांगितले. जात्यांना टाकी लावा म्हणालो होतो, तेही.

मग सुभानरावांनी उठून त्याला मिठी मारली. “विद्या आहेच, पण मेलेल्या पाथरवटाला आपलं यश देऊन टाकणारं मन कुठून आणलंत, पंत?”

पंताने आशेने मागे उभ्या मालूकडे पाहिले. मालूने हात जोडले.

“बा मरताना म्हणाला व्हता,” तो म्हणाला, “पंतांच्याच सांगण्यानं आमी बसलो.”

पंताची मान खाली गेली. सदरेने तोही विनयच मानला.