तोकुमित्सु-सान निघाले

माझ्या नणंदेच्या, चिहारुच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट. खोटी निघाली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण सांगताना तिच्या हातातला चहा गार होऊन गेला, तरी कप तिनं खाली ठेवला नव्हता.

ओसाकाजवळचं आमागासाकी. डिसेंबरचा मध्य. पार्सलांची धांदल.

चिहारु माणसं पुरवणाऱ्या कंपनीत होती. कंपनी मोठी, शेअर बाजारात नाव असलेली. तिची शाखा मात्र दोन खोल्यांची. एक हीटर, आणि उजाडायच्या आधीपासून वाजणारे फोन.

खाडीत भर घालून केलेल्या जमिनीवर एक गोदाम होतं. त्याला जितकी माणसं कबूल केली तितकी रोज पोचलीच पाहिजेत. म्हणून नियम असा, की प्रत्येकानं घरून निघताना शाखेत फोन करायचा.

"निघालो."

आणि गोदामाच्या दारात पुन्हा.

"पोचलो."

रोजंदारीची, एकटी राहणारी माणसं ही. कुणाकुणाचं दिवसभराचं बोलणं तेवढंच असायचं.

हत्सुमी-सान मात्र फोनवरच मैफल भरवायची. पन्नाशीची, खट्याळ बाई. "चिहारु-चान, निघाले गं! डबा केलास का आज, की पुन्हा दुकानातला भातगोळा?"

"तुम्ही द्या ना करून!"

"मी? मला सून नाही म्हणून तुला डबे पुरवू होय?"

तोकुमित्सु-सान याच्या उलट. सत्तरीचे. एक शब्द बोलायचे आणि फोन ठेवायचे. पण त्यांच्या आवाजामागे रेल्वे फाटकाची घंटा वाजायची. त्यांची खोली फाटकाला चिकटूनच होती. टण टण टण... घंटा ऐकली की चिहारु नाव न विचारता म्हणायची, "सांभाळून जा हं, तोकुमित्सु-सान."

त्या गुरुवारी त्यांचा फोन आला.

"निघालो."

घंटा नव्हती... आठवडाभर ती ऐकल्याचं तिला आठवेना.

कावळा नव्हता. वारा नव्हता.

श्वासही नव्हता.

चिहारुला वाटलं, लाइन खराब असेल. तिच्या डोक्यात दुसराच घोर होता. शुक्रवारी एक माणूस कमी पडत होतं, आणि शाखेचे साहेब इसोगाई सकाळपासून तेच घोकत होते, "कुठूनही आण, पण डोकी भर." मग तिनं तेच केलं जे या धंद्यात सगळे करतात.

"तोकुमित्सु-सान, उद्या एक जण कमी आहे. ओळखीतलं कुणी सोबत आणाल का?"

तिनं यादीतल्या शुक्रवारच्या रकान्यावर पेन ठेवला.

"आणतो."

"फार उपकार झाले!" फोनलाच वाकून नमस्कार करत ती म्हणाली.

दुपारी पोलिसांचा फोन आला. तोकुमित्सु-सान त्यांच्या खोलीत मरून पडलेले सापडले होते. नातलग कुणी नाही. भिंतीवर कंपनीचा नंबर लिहिलेला होता, म्हणून हा फोन.

"आठवडा तरी झाला असावा," पोलीस म्हणाला.

"पण आज सकाळी बोललेत ते माझ्याशी."

मग तो जरा हळू बोलला. "बाई, त्यांचा फोन उशाशीच होता. केव्हाचा बंद पडलेला."

इसोगाई-सान हसले. "दुसरा कुणी म्हातारा असेल. झोप काढ जरा, डोळे बघ कसे झालेत."

चिहारुनं गोदामात विचारलं, "या आठवड्यात आमचं कुणी कमी आलं होतं का?"

"छे! यंदा तुमची माणसं अगदी पुरी. शाबास!"

तिनं फोन ठेवला...

आणि मग तिच्या लक्षात आलं. तोकुमित्सु-सान मेल्यानंतरही रोज जात होते. उद्याही जाणार होते.

आणि तिनं त्यांना सांगितलं होतं, कुणाला तरी सोबत आणा.

कुणाला?

ज्यांना ज्यांना ते ओळखत असतील त्या सगळ्यांना तिनं संध्याकाळपर्यंत फोन केले. फक्त हत्सुमी-सानचा फोन लागला नाही. कंपनीच्या बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसायची. शुक्रवारी तिची सुट्टी होती.

शुक्रवार उजाडत होता. खाडी अजून धुक्याच्या पांघरुणातच होती. फोन वाजला.

"निघालो."

चिहारुनं फोन कानाशी घट्ट धरला.

"दोघं..."

आणि त्या मुक्या शांततेत, लांबून, एक हसरा आवाज. "अहो, जरा हळू चाला की!"

हत्सुमी-सान.

चिहारुनं फोन आपटला. लगेच हत्सुमी-सानचा नंबर लावला. वाजतोय... वाजतोय...

"काय गं, निघालेय ना!" हत्सुमी-सान धापा टाकत होती. "सुट्टीचं उठवलं या म्हाताऱ्यानं. म्हणे, माणूस कमी आहे, चल. तुझ्यासाठी निघाले हो, नाहीतर कोण उठतंय या थंडीत!"

"कुठे आहात?"

"काय ठाऊक. जवळची वाट म्हणाले. नुसतं धुकं आहे. आणि यांची पाठ बघ कशी भरभर चाललीये..."

खरं सांगितलं तर ही हसेल, आणि हसत हसत पुढे जाईल. चिहारुनं शाखेतला रोजचा आवाज काढला.

"हत्सुमी-सान, आजचं काम रद्द झालंय. आहात तिथेच थांबा. दिवसाचे पैसे मिळतील. एक पाऊलही पुढे टाकू नका."

"मग उठवलंत कशाला मला!" ती करवादली. पण तिच्या बुटांचा आवाज थांबला.

"चिहारु-चान..."

"काय झालं?"

"पुढे रस्ता नाहीये गं." हत्सुमी-सानचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "धक्का संपलाय. खाली पाणी आहे. तोकुमित्सु-सान... आत्ता तर पुढे होते."

"मागे वळा. घरी जा. फोन ठेवू नका."

दिवा लावून घराचं दार आतून बंद केल्याचं हत्सुमी-साननं सांगितलं, तेव्हा कुठे चिहारुनं फोन ठेवला.

ठेवला, तसा तो वाजला.

"पोचलो."

मागे पाण्याचा आवाज. चुळुक... चुळुक...

"एक जण मागे राहिली. माफ करा."

चिहारु रडायला लागली. "असू दे, तोकुमित्सु-सान. खूप कष्ट केलेत. आता आराम करा."

बराच वेळ पाणीच वाजत राहिलं. मग त्यांनी विचारलं. आजवर पहिल्यांदाच त्यांनी तिला काही विचारलं.

"उद्या काम असेल ना?"

आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं...

"कळवते."

"बरं," ते म्हणाले. फोन बंद झाला.

महिनाअखेर तिनं नोकरी सोडली. आता ती आमच्याकडेच राहते.

"वहिनी, या धंद्यात 'कळवते' म्हणजे 'नाही'," ती मला म्हणाली. "सगळ्यांना ते कळतं. पण तोकुमित्सु-सानना कधी कळायचं नाही. ते बूट घालून बसून राहायचे."

मग कपाकडे बघत तिनं विचारलं, "मी कळवलंच नाही, तर ते विचारायला येतील का गं?"

मी उठून बाहेरच्या दाराची कडी तेवढी बघून आले.