दुभाषी कागद

शू युनफान आणि त्यांच्या पत्नी मार्टीन यांची न्याहारी रोज एकाच टेबलावर व्हायची, पण चित्रं कायम दोन खोल्यांत. चीनमधल्या हांगचौच्या तळ्याकाठच्या त्या घरात मार्टीनबाई उत्तरेच्या उजेडात कॅनव्हासवर तैलरंग चढवत; ब्रुसेल्सला शिकलेला हात होता तो. शू पलीकडच्या खोलीत शाई उगाळत आणि डोंगर रंगवत. संसाराला चाळीसेक वर्षं होऊन गेली, तरी एका चित्रावर दोघांचा हात कधी फिरला नव्हता.

त्या सकाळी मात्र पावाच्या बशीशेजारी एक पांढरा कागद पसरला होता. माडीवर भाड्याने राहणाऱ्या हेमांगी सुतारने त्यावर शाईचा एक थेंब टाकला आणि त्याला लागून तैलरंगाचा. तिघंही वाकून बघत राहिले. एरवी कागदावर तेलाचा पिवळट डाग पसरत जातो आणि तेलकट कॅनव्हासवर शाई ठरतच नाही, ओघळून जाते. इथे दोन्ही थेंब शेजारी शेजारी शांत बसले. जिथे भिडले, तिथे एक मऊ, करडी कड उमटली.

"हे कसं केलंस?" शूंनी विचारलं.

"याच्या प्रत्येक तंतूला दोन अंगं आहेत, लाओशी," हेमांगी म्हणाली. कोल्हापुरात ती गुरुजी म्हणाली असती. इथे त्यालाच लाओशी म्हणतात. "पाणी आलं की तंतू एक अंग पुढे करतो, तेल आलं की दुसरं. दोघांनाही वाटतं, हा आपलाच कागद."

"म्हणजे दुभाषी कागद," शू म्हणाले, आणि नाव तेच पडलं.

कागदावर हेमांगीची तीन वर्षांची मेहनत होती. कोल्हापुरात सुरू झालेलं काम ती इथल्या प्रयोगशाळेत पुरं करत होती. तो तिने या दोघांच्या हाती दिला, तेव्हा आता घरात गोडीगुलाबीने चित्र होईल अशी तिची समजूत होती. झालं भलतंच. शूंनी डोंगर काढला आणि मधला मोठा भाग कोरा सोडला. पायथ्याशी मार्टीनबाईंनी चहाच्या मळ्यातली एक बाई बसवली, पाठीवर टोपली, डाव्या अंगाने ऊन घेतलेली, उजवीकडे ठसठशीत सावली टाकलेली.

"डोंगराला सावली नाही, मग हिलाच कुठून आली?" शूंनी विचारलं.

"आणि तुझा डोंगर अर्धाच आहे. तो कधी पुरा करणार?"

"ते धुकं आहे."

"मला कागद दिसतोय."

दोघंही हटेनात. पण गंमत अशी, की भांडण संपवायला म्हणून का होईना, रोज दोघं एकाच खोलीत बसू लागली. एकमेकांचे कुंचले उचलू लागली. हेमांगी संध्याकाळी कामावरून परतली की जिन्यातच तिला दोघांचं हसू ऐकू यायचं. चित्र शहरातल्या एका कलादालनात लागलं तेव्हाही सावली आणि कोरी जागा यांचा वाद मिटलेला नव्हता.

आठवडाभरात दालनाच्या व्यवस्थापक थानबाईंचा फोन आला. चित्र बिघडलं होतं.

हेमांगी धावतच गेली. डोंगराच्या कडेची शाई खाली सरकून कोऱ्या जागेत उतरली होती आणि त्या बाईच्या खांद्यापर्यंत येऊन पोचली होती. तिने खिशातलं आर्द्रतामापक भिंतीजवळ धरलं. समोर शाळेची सहल उभी होती. काटा वर चढला. मुलं पुढे गेली, काटा उतरला. तेव्हा तिला कळलं. हवेतला ओलावा वाढला की तंतूंमधली सूक्ष्म रंध्रं उघडत होती आणि शाईचे कण पुढे सरकत होते. तिच्या प्रयोगशाळेत हवा कोरडी आणि माणूस ती एकटीच. शेकडो लोकांचा श्वास तिने हिशेबात धरलाच नव्हता.

"एक तर यावर पक्का लेप द्या, नाही तर चित्र उतरवा," थानबाई म्हणाल्या. "लोकांना रोज वेगळं चित्र कसं दाखवू?"

हेमांगीने लेपाची बाटली आणली आणि दोघांनाही बोलावून घेतलं. "माझी चूक आहे," ती खालमानेने म्हणाली. "लेप दिला की शाई आहे तिथे थांबेल."

मार्टीनबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "अगं, पण या मळ्यातल्या बाईच्या पाठीमागे आता हवा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर रंग थापून मला जमली नाही, ती हवा."

शू चित्राच्या अगदी जवळ गेले. शाई खांद्याजवळ तैलरंगाच्या सावलीला येऊन टेकली होती; तळ्याचं पाणी काठाला टेकावं तशी. "ही सावली नसती, तर माझं धुकं वाहूनच गेलं असतं," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

हेमांगीच्या हातातून त्यांनी बाटली काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. थानबाई काही बोलणार होत्या, पण त्यांच्या मागे माणसं थांबली होती. एक आजोबा नातेवाइकांना सांगत होते, की मंगळवारी ते आले तेव्हा धुकं या बाईच्या टोपलीपर्यंतही नव्हतं. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला हवं. थानबाईंनी ते ऐकलं, आणि चित्र भिंतीवर तसंच राहिलं.

शरद ऋतू सरेपर्यंत दालनात रांगा लागल्या. तैलरंग हळूहळू दगडासारखा घट्ट होत होता आणि शाई त्याच्या भोवतीने वाट काढत होती. लोक आले की चालायची, दालन रिकामं झालं की थांबायची. हेमांगीने गणित मांडून पाहिलं: माणसं येत राहिली, तर शाई शंभर वर्षंही चालत राहील.

तिने हे सांगितलं तेव्हा मार्टीनबाई नवऱ्याच्या हातात हात अडकवून बाकावर बसल्या होत्या. समोर एक तरुण जोडपं चित्राला नाक लावून उभं होतं आणि डोंगराची एक कड त्यांच्या श्वासाने विरघळू लागली होती.

"शंभर वर्षं," मार्टीनबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि थोडं आश्चर्यही. "मग हेमांगी, या चित्रावर शेवटचा हात कुणाचा असेल?"